एकवीस अंकी नारळ

दोस्तांनो, आज वही आडवी धरा. उभ्या वहीत आजचा आपला पाहुणा नीट मावायचा नाही! हा बघा तो :

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

अंक मोजलेत? बरोबर एकवीस. आता वाचायचा कसा? आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर तो १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ असा दिसेल. एकं, दहं, शतं, हजार करत करत कोटी-अब्जापर्यंत आपली गाडी सुसाट जाते. पुढे मात्र अडखळते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त अठरा स्थानांची नावं दिली आहेत. अब्जाच्या पुढे खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपला पाहुणा त्याच्याही पलीकडचा. त्यात १,४७५ परार्ध बसतात आणि वर पुष्कळ काही उरतं!

पण संख्या नुसती मोठी आहे म्हणून तिचं कौतुक करायचं नाही. एकावर शंभर शून्यं तर कुणीही देईल. या संख्येची गंमत वेगळीच आहे. तब्बल २३२ वर्षं ती चुकीच्या यादीत मानाने बसली होती. मग एकाने तिची चूक पकडली. पण तो पुरावा दाखवू शकला नाही. म्हणजे दाखवला, पण अगदी अजब पुरावा! आणि खरा ‘मुद्देमाल’ हाती यायला आणखी २७ वर्षं लागली. चला, पहिल्यापासून बघू.

पाहुणा आला कुठून?

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ. प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट. आता बेरीज करत चला. दोन घरांचे दाणे ३, तीन घरांचे ७, चार घरांचे १५, पाच घरांचे ३१. काही लक्षात आलं? बेरीज नेहमी पुढच्या घरातल्या दाण्यांपेक्षा एकाने कमी भरते.

पट असतो ६४ घरांचा. त्याला आपण आणखी तीन घरं चिकटवू. आता ६७ घरं झाली. या ६७ घरांतले सगळे दाणे मोजले, तर उत्तर म्हणजे आपला आजचा पाहुणा! गणिताच्या भाषेत सांगायचं तर ‘२ चा ६७ वा घात वजा १’. म्हणजे २ हा अंक ६७ वेळा घेऊन गुणाकार करायचा आणि त्यातून १ वजा करायचा.

अशा संख्यांना आज ‘मर्सेन संख्या’ म्हणतात. हे मर्सेन पॅरिसमधले एक धर्मगुरू. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी, गणिताची मासिकं निघत नव्हती तेव्हा, युरोपभरच्या गणितज्ञांना ते पत्रं लिहायचे. याचं कोडं त्याला कळवायचं, त्याचं उत्तर याला. जणू एकट्याने चालवलेलं टपाल खातंच म्हणा ना!

फुटणारी संख्या आणि न फुटणारी

आता थोडी शाळेतली उजळणी. १२ ही संख्या ३ × ४ अशी फोडता येते. अशी संख्या म्हणजे संयुक्त संख्या. १३ मात्र काही केल्या फुटत नाही. तिला १ आणि १३ याखेरीज कुणीच नि:शेष भागत नाही. ती मूळ संख्या.

मर्सेन संख्यांचं काय? घातांक संयुक्त असला तर ती संख्या नक्की फुटते. उदाहरणार्थ, २ चा १५ वा घात वजा १ म्हणजे ३२,७६७. घातांक १५ म्हणजे ३ × ५. म्हणून ३२,७६७ ला २ चा ३ रा घात वजा १, म्हणजे ७ ने भाग जातो. २ चा ५ वा घात वजा १, म्हणजे ३१ नेही जातो. करून बघा : ७ × ३१ × १५१ = ३२,७६७.

घातांक मूळ असला तर? २, ३, ५, ७ हे घातांक घेतले की ३, ७, ३१, १२७ मिळतात. चारही मूळ संख्या! वाटतं, झालं, नियम सापडला. पण थांबा. पुढचा मूळ घातांक ११. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २,०४७. आणि २,०४७ = २३ × ८९. फुटली की! ही खोडी १५३६ सालीच लोकांना कळली होती.

मग मूळ घातांकांपैकी चालणारे कुठले आणि न चालणारे कुठले? मर्सेन यांनी १६४४ साली एक यादीच छापली. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढेच चालतात, असं त्यांनी लिहिलं. त्यात ६७ दिसला ना? म्हणजे आपला पाहुणा मूळ संख्या आहे, तो फुटत नाही, असा मर्सेन यांचा दावा.

हे त्यांनी कशावरून ठरवलं, ते मात्र लिहिलं नाही. उलट पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सगळा काळही अपुरा पडेल, असं त्याच पुस्तकात त्यांनी म्हटलं होतं. मग त्यांचा एकवीस अंकी दावा तपासणार कोण? यादी तशीच पुढे चालू राहिली. १७७२ साली ऑयलर या महान गणितज्ञाने ३१ चा दावा खरा असल्याचं सिद्ध केलं. त्यामुळे यादीवरचा विश्वास आणखीच वाढला असेल.

नारळ हलवून बघा!

आता येतात फ्रान्समधले एदुआर लुकास. तीन खांब आणि चकत्यांचं ‘हनोईचा मनोरा’ हे कोडं तुमच्यापैकी पुष्कळांनी खेळलं असेल. ते १८८३ साली बाजारात आणलं ते याच लुकास यांनी. आणि योगायोग बघा, त्या कोड्यात ६७ चकत्या घेतल्या तर त्या हलवायला कमीत कमी जितक्या चाली लागतात, तो आकडा म्हणजेच आपला पाहुणा!

१८७६ साली लुकास यांनी जाहीर केलं : ६७ चा दावा चूक आहे. ही संख्या मूळ नाही. ती फुटते.

“बरं, मग अवयव दाखवा,” असं कुणी म्हटलं असतं, तर लुकास काय सांगणार? अवयव त्यांना माहीतच नव्हते! एकही नाही. मग फुटते हे कळलं कसं?

बाजारात आई नारळ घेते तेव्हा काय करते? कानाशी धरून हलवते. आत पाणी खुळखुळलं की टोपलीत टाकते. नारळ फोडावा लागत नाही. न फोडता आतली गोष्ट कळते. लुकास यांनी संख्या ‘हलवून’ बघण्याची युक्ती शोधली होती. १९३० साली लेहमर या अमेरिकन गणितज्ञाने तिला फार सुटसुटीत रूप दिलं. ते इतकं सोपं आहे की तुम्ही आत्ता करू शकाल.

घातांक ५ घेऊ. संख्या ३१.

सुरुवात नेहमी ४ ने करायची. आलेल्या संख्येचा वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे, आणि उत्तराला ३१ ने भागून बाकी तेवढी ठेवायची. हे किती वेळा करायचं? घातांकापेक्षा दोनाने कमी वेळा. इथे ५ − २ = ३ वेळा.

पहिली फेरी : ४ चा वर्ग १६, वजा २, १४.
दुसरी फेरी : १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४. त्याला ३१ ने भागलं की बाकी ८.
तिसरी फेरी : ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२. ३१ ने भागलं की बाकी ०.

शेवटी शून्य आलं की संख्या मूळ. शून्य आलं नाही की संख्या संयुक्त. बस्स, एवढंच! घातांक २ सोडला तर बाकी सगळ्या मूळ घातांकांना ही कसोटी चालते.

आता ११ चा घातांक घेऊन २,०४७ हलवून बघा. इथे नऊ फेऱ्या. माझ्या बाक्या अशा आल्या : १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटची १७३६. शून्य नाही! म्हणजे २,०४७ फुटणार. गंमत बघा, या सगळ्या आकडेमोडीत २३ आणि ८९ कुठे डोकावले का? नाही. नारळात पाणी आहे हे कळलं, पण किती आणि कसं ते कळलं नाही.

६७ साठी ६५ फेऱ्या. प्रत्येक फेरीत एकवीस अंकी संख्येचा वर्ग आणि मग तेवढाच लांबलचक भागाकार. लुकास यांची पद्धत थोडी निराळी होती, पण मेहनत याच जातीची, आणि तीही हाताने. त्यांनी ती केली आणि सांगितलं, हा नारळ फुटतो.

मग फोडायचा कसा?

सरळ मार्ग असा : ३, ५, ७, ९ अशा विषम संख्यांनी एकेक करून भागत सुटायचं. आपल्या पाहुण्याचा सगळ्यात लहान मूळ अवयव जिथे आहे तिथे पोहोचेपर्यंत सुमारे ९ कोटी ६८ लाख भागाकार होतात. एका भागाकाराला एक मिनिट धरा. जेवण नाही, झोप नाही, गणपतीची सुट्टीसुद्धा नाही, तरी लागतील सुमारे १८४ वर्षं! हे काम पणतवंडांवर सोपवावं लागेल.

पण मर्सेन यांचे पत्रमित्र फर्मा यांनी १६४० सालीच एक चाळणी शोधून ठेवली होती. घातांक मूळ असेल तर मर्सेन संख्येचा प्रत्येक अवयव एका ठराविक साच्याचा असतो : घातांकाची दुप्पट घ्या, तिच्या कुठल्याही पटीत १ मिळवा. ११ ची दुप्पट २२. २२ + १ = २३. चौथी पट ८८, अधिक १, ८९. बघा, दोन्ही अवयव साच्यात चपखल बसले!

दुसरी चाळणी अशी : अवयवाला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरते. २३ ला भागा, बाकी ७. ८९ ला भागा, बाकी १. झकास.

६७ ची दुप्पट १३४. म्हणजे १३४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्याच तपासायच्या. त्यांतल्याही अर्ध्या दुसऱ्या चाळणीत गळतात. ९ कोटी ६८ लाखांवरून आपण आलो ७ लाख २२ हजार ७९० वर. मिनिटाला एक या हिशेबाने १८४ वर्षांचे झाले सुमारे ५०२ दिवस. विचाराने किती वेळ वाचतो बघा! हात तेच, मिनिट तेच. बदललं ते फक्त कुठे शोधायचं याचं ज्ञान.

तरी रात्रंदिवस ५०२ दिवस म्हणजे काही खायचं काम नाही. शिवाय शोधणाऱ्याला आधी ठाऊक नसतं की अवयव नेमका कुठे आहे. तो उद्या सापडेल की शंभर वर्षांनी, हे कोण सांगणार?

न बोलता केलेलं भाषण

३१ ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गणित संस्थेची सभा भरली होती. फ्रँक नेल्सन कोल हे कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांच्या भाषणाचा विषय होता ‘मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे’.

या सभेची गोष्ट एरिक टेंपल बेल या लेखकाने पुढे लिहून ठेवली आहे. ती अशी : कोल उठले, फळ्याजवळ गेले आणि काही न बोलता आकडेमोड करू लागले. २ चा ६७ वा घात काढला. त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागात दोन संख्या लिहिल्या :

१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

आणि शांतपणे गुणाकार करायला लागले. ओळीमागून ओळ. शेवटी बेरीज झाली. दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी. अंक न् अंक सारखा! कोल एक शब्दही न बोलता आपल्या जागेवर जाऊन बसले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रश्न कुणीच विचारला नाही. विचारणार काय?

हे अवयव शोधायला किती वेळ लागला, असं बेल यांनी काही वर्षांनी त्यांना विचारलं. कोल म्हणाले, तीन वर्षांचे सगळे रविवार! गोष्टी सांगताना बेल थोडा तिखटमसाला घालतात असं इतिहासकार म्हणतात, तेव्हा टाळ्या आणि रविवार तुम्ही बेल यांच्या भरवशावर घ्या. पण ती सभा, तो विषय आणि ते दोन अवयव अगदी खरे. कोल यांचा निबंध त्याच वर्षी संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. फर्माच्या चाळणीपेक्षाही बारीक चाळण्या त्यांनी त्यात वापरल्या होत्या. अमेरिकेत आजही त्यांच्या नावाने गणिताचा मानाचा पुरस्कार दिला जातो.

आता तुम्ही फळ्यापाशी!

कोल यांचा शब्द तरी का मानायचा? मर्सेन यांचा मानून काय झालं ते पाहिलंच. तेव्हा आपणच तपासू.

आधी झटपट कसोट्या. शेवटचे अंक बघा : १ आणि ७. एक सत्ते सात. पाहुण्याचा शेवटचा अंकही ७. पास!

मग नवाची कसोटी. पहिल्या अवयवाचे सगळे अंक मिळवा : ३७. पुन्हा मिळवा : ३ + ७ = १०, मग १. दुसऱ्याचे अंक : ६४, मग १०, मग १. एक गुणिले एक, एक. पाहुण्याच्या अंकांची बेरीज १०९, मग १०, मग १. हीही पास!

पण लक्षात ठेवा हं, या कसोटीत नापास झालात तर गुणाकार नक्की चुकलाय. पास झालात म्हणून तो बरोबरच आहे असं मात्र नाही. दोन अंकांची अदलाबदल झाली तर नवाच्या कसोटीला पत्ताही लागत नाही. खात्री हवी तर गुणाकारच करायला हवा.

घाबरू नका. पहिल्या अवयवात १, २, ३, ७, ९ आणि ० एवढेच अंक आहेत. त्यामुळे दुसऱ्या अवयवाला फक्त चार वेळा गुणायचंय :

२ ने : १५२३६७६५१४५७४
३ ने : २२८५५१४७७१८६१
७ ने : ५३३२८६७८०१००९
९ ने : ६८५६५४४३१५५८३

सातची ओळ तीनदा वापरायची, एकची दोनदा. शून्याची ओळ सोडायची. चौकटीच्या वहीत, जागा नीट सोडून, आठ ओळी मांडा आणि बेरीज करा. आई-बाबांनाही बसवा शेजारी. एकाने मांडायचं, दुसऱ्याने तपासायचं. तासाभरात व्हायला हरकत नाही.

आता विचार करा. शोधायला तीन वर्षांचे रविवार. तपासायला एक तास. आणि तपासणाऱ्याला मोठा गणितज्ञ असण्याची गरज नाही. गुणाकार येणारा सहावीतला मुलगा किंवा मुलगी पुरे! शोधणं आणि तपासणं या दोन कामांतलं हे अंतर, मला वाटतं, हीच आपल्या पाहुण्याने दिलेली खरी भेट आहे.

या अंतराचं कुलूप

हे अंतर नुसतं गमतीचं नाही. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी त्यातून एक कुलूप बनवलं. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या आणि गुणायच्या. गुणाकार सगळ्या जगाला सांगायचा. त्याने कुणीही आपला निरोप कुलूपबंद करू शकतो. पण कुलूप उघडायचं तर ते दोन अवयव माहीत हवेत. ते मालकाच्या खिशात! इंटरनेटवरचे गुप्त व्यवहार सुरक्षित ठेवण्यासाठी ही पद्धत सर्रास वापरली गेली आहे.

या पद्धतीचा एक निरोप त्यांनी आव्हान म्हणून छापला. त्याची किल्ली होती एका १२९ अंकी संख्येचे अवयव. ते निघाले १९९४ साली, म्हणजे १७ वर्षांनी, आणि त्यासाठी सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक कामाला लावले. २०२० साली एक २५० अंकी संख्या फुटली. तीत गेलेली संगणकाची मेहनत एकाच साध्या प्रक्रियकावर टाकली असती तर सुमारे २,७०० वर्षं लागली असती. म्हणून मग कुलपासाठी ६१७ अंकी संख्या घेण्याची पद्धत पडली. आपला एकवीस अंकी पाहुणा मात्र आजच्या संगणकापुढे पापणी लवण्याआधी फुटतो. बिचारे कोल!

आणि मर्सेन यांची यादी? ती १९४७ साली पूर्ण तपासून झाली. ६७ आणि २५७ चुकून आत आले होते. ६१, ८९ आणि १०७ चुकून बाहेर राहिले होते. अकरा घातांकांत दोन चुका आणि तीन विसरलेले. तरी मर्सेन यांना हसू नका बरं का. त्यांनी यादी छापली म्हणून तर पुढच्यांना तपासायला काहीतरी मिळालं. त्यांच्या नावाच्या मूळ संख्यांचा शोध अजून चालू आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ५२ वी जाहीर झाली. तिचा घातांक १३,६२,७९,८४१ आणि अंक ४ कोटी १० लाखांहून जास्त. ती मूळ आहे हे पक्कं करायला वापरली ती कसोटी तीच, लुकास आणि लेहमर यांची. ४ पासून सुरू करा, वर्ग करा, २ वजा करा…

एक न फुटलेला नारळ

जाता जाता एक गुपित. २ चा १२७७ वा घात वजा १, ही ३८५ अंकी संख्या. कसोटी सांगते की ती मूळ नाही. हलवली की खुळखुळते. पण २०२४ सालापर्यंत तरी जगातल्या कुणालाही, कुठल्याही संगणकाला, तिचा एकही अवयव सापडलेला नव्हता. म्हणजे लुकास आणि कोल यांच्या मधल्या त्या २७ वर्षांत आपला पाहुणा जिथे होता, तिथे ही संख्या अडकलेली आहे. साचा मात्र आपल्याला माहीत आहे : १२७७ ची दुप्पट २५५४, तिच्या कुठल्यातरी पटीत १ मिळवलेली संख्या. कुठली पट, एवढाच प्रश्न!

तो नारळ फुटेपर्यंत हे दोन छोटे नारळ फोडून बघा :

१) ८३,८८,६०७ (२ चा २३ वा घात वजा १). २३ ची दुप्पट ४६. नेम धरलात तर पहिल्याच फटक्यात फुटेल!

२) ५३,६८,७०,९११ (२ चा २९ वा घात वजा १). २९ ची दुप्पट ५८. आधी ८ ची चाळणी लावा, मग फटका मारा. याचे दोन नाही, तीन तुकडे होतात.

संगणक किंवा कॅल्क्युलेटर नको हं. कागद, पेन्सिल आणि दोन चाळण्या. उत्तरं पुढच्या अंकात. पण खरं सांगू? इथे पुढच्या अंकाची वाट बघायची गरजच नाही. तुमचं उत्तर बरोबर आहे की नाही, हे तुमचा गुणाकारच तुम्हाला सांगेल.